सुभेदारांची अर्धी वाक्यं

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बिघाडाचं नाव कधी सांगत नाही, गाऱ्हाणं सांगतं. प्रिंटर रुसलाय. मशीन झोपा काढतंय. माऊस अंगात आल्यासारखा फिरतोय. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात तीसेक वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून मागच्या वर्षी मी विश्रामबागेतल्या दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलं, तोवर असल्या गाऱ्हाण्यांनी माझे कान किटले होते. त्यातलं एक मात्र ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवायचो. "मी लिहितोय, पण ते लिहीतच न्हाई. मधनंच कुठंतरी जातंय."

ज्यांचा या यंत्राशी फारसा संबंध आलेला नाही त्यांना हे जरा समजावून सांगतो. पडद्यावर एका वेळी चार-पाच चौकटी उघड्या असतात, त्यांना आम्ही विंडो म्हणतो. एकीत पत्र असतं, एकीत बातम्या, एकीत आणखी काही. तुम्ही कीबोर्डवर बोटं चालवता तेव्हा अक्षरं त्यातल्या एकाच विंडोत उतरतात. तिच्याकडं 'फोकस' आहे असं आम्ही म्हणतो. ग्रामसभेत माणसं पुष्कळ असली तरी माईक एकाच्याच हातात असतो, तसं. आता तुम्ही मान खाली घालून बोलताय आणि कुणी हळूच येऊन तुमच्या हातातला माईक काढून घेतला, तर तुमचं तोंड चालू राहील, पण सभेला काही ऐकू जाणार नाही. फोकस गेला की हेच होतं. बोटं चालत राहतात, अक्षरं उमटत नाहीत. शिवाय माईक ओढणारा दिसत नाही, ही आमच्या कामातली खरी पंचाईत.

दुसरी पंचाईत म्हणजे हा बिघाड मेकॅनिकसमोर कधी होत नाही. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, त्यातलाच प्रकार. गिऱ्हाईक म्हणतं, "आत्ता तर होत होतं." आपण म्हणतो, "झालं की कळवा." असं म्हणून मी किती घरांतून चहा पिऊन परत आलो असेन, ते आता न मोजलेलंच बरं.

दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या सीझनचे. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा होते, आणि ऑफिसात आता हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळं भक्तिभावानं कीबोर्डवर. सांगलीतल्या एका वकिलांच्या टायपिस्ट बाईंची विंडो दर दोन ओळींनी नाहीशी व्हायची. मी कीबोर्डवरची एक की, म्हणजे बटण, काढून पाहिली, तर खाली तांदळाचा अख्खा दाणा. तो अडकून ती की आपोआप दाबली जात होती. मी दाणा चिमट्यानं काढून केराच्या टोपलीकडं वळलो, तर बाईंनी माझा हात धरला. अक्षत केरात कशी टाकायची? त्यांनी ती तळहातावर घेतली, बाहेर जाऊन तुळशीच्या कुंडीत ठेवली, हात धुतले आणि मग पुढचा अर्ज टाईप करायला बसल्या. मी पुढं बरीच वर्षं गिऱ्हाइकांना सांगत राहिलो की पूजा पडद्याची करा, कीबोर्डला नुसता नमस्कार करा. ऐकलं कुणीच नाही.

शिरवळच्या एका कारखान्यात स्टोअरच्या क्लार्कचं मशीन असंच लिहिता लिहिता भरकटायचं. त्यांनी पडद्याच्या वर लिंबू-मिरची टांगली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलणं सोडलं होतं, कारण त्यांचा संशय त्याच्यावर होता. मी अर्धा दिवस बसून राहिलो. शेवटी लक्षात आलं, की बाहेर अवजड ट्रक वळला की हा प्रकार होतो. खण उघडला. पावतीपुस्तकांच्या चळतीखाली एक जुना बिनवायरचा माऊस पडला होता. नवीन माऊस आल्यावर त्यांनी तो खणात टाकला, पण त्यातली बॅटरी काढली नव्हती आणि त्याचं बोटाएवढं रिसिव्हर मशीनच्या मागं तसंच खोचलेलं होतं. टेबल हादरलं की पुस्तकांचा भार माऊसवर यायचा आणि तो मुकाट्यानं कुठंतरी क्लिक करायचा. क्लार्कसाहेब ओशाळले. मी निघालो तेव्हा ते शेजारच्याला तंबाखूची पुडी देत होते.

हे दोन किस्से मी कुठंही सांगतो, लोक हसतात, आपल्यालाही हुशार वाटतं. तिसरा मी सहसा सांगत नाही. तो सुभेदारांचा.

साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की एक गाव आहे, तिथं दर दुसऱ्या घरात फौजेतला माणूस सापडतो. सुभेदार घाडगे सिग्नल विभागातून निवृत्त होऊन तिथं राहत होते. मुलगाही फौजेत, दूर सरहद्दीवर. घरात ते, त्यांच्या पत्नी हिराबाई आणि एक म्हैस. घशाच्या आजारात सुभेदारांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. गळ्याला भोक, त्यातून श्वास. आवाज गेलेला, कायमचा. सांगायचं असेल ते पाटीवर लिहून दाखवावं, तर हिराबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्या ओठ बघून आणि हातवारे बघून निम्मंशिम्मं समजून घ्यायच्या. बाकीच्या कुणाला तेवढंही समजायचं नाही.

मुलानं सुट्टीत एक लॅपटॉप आणून दिला आणि मला फोन केला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की आपण टाईप केलेलं मराठी मोठ्यानं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम असतो. मी एसटीनं गेलो आणि तो बसवून दिला. वाक्य टाईप करायचं, मोठी की दाबायची, मशीन बोलणार. सुभेदारांना टायपिंगची सवय होती, पण ती इंग्रजीची. मराठी अक्षरं शोधावी लागायची, म्हणून त्यांची नजर पडद्यावर कधीच नसायची, बोटांवर असायची. पाच मिनिटं खटखट करून त्यांनी की दाबली.

मशीन म्हणालं, "चहा टाक. पावनं आल्यात."

मराठीचा त्यातल्या त्यात बरा आवाज तेव्हा एका बाईचाच होता, अगदी शुद्ध, पुण्याकडचा. हिराबाई स्वयंपाकघरातून लगबगीनं दारात आल्या आणि इकडं तिकडं बघायला लागल्या.

"आवं, ही बया कोण बोलतीया माझ्या घरात?"

सुभेदारांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते मला नीट दिसलं नाही, मी वायरी गुंडाळायला लागलो. घरात सुभेदारांचं एक वाक्य ऐकू यायला जवळजवळ वर्ष गेलं होतं. त्या दिवशीचा चहा मी कधी विसरणार नाही, दोनदा साखर पडली होती त्यात.

सुभेदारांनी मग फौजी शिस्तीनं वाक्यांचा साठाच करून ठेवला. रोज लागणारी शंभर-दीडशे वाक्यं त्यांनी आधीच टाईप करून ठेवली होती, एका टिचकीसरशी बोलायला. एके दिवशी बॅटरी संपून मशीन मधेच बंद पडलं आणि तो सगळा साठा पुसला गेला. मला फार वाईट वाटलं. मी दुकानात बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. इंटरनेट चालू असलं की दर काही मिनिटांनी सुभेदारांनी लिहिलेलं सगळं उचलून तो सुरक्षित जागी ठेवून द्यायचा. नाव दिलं 'जतन'. माझ्या स्वतःच्या मशीनवर दोन दिवस चालवून पाहिला. पडद्यावर काळी चौकट क्षणभर लुकलुकायची आणि जायची. काम झालं असं समजून मी तो सुभेदारांच्या मशीनवर बसवला. मला तो इतका आवडला, की आणखी दहा-बारा गिऱ्हाइकांच्या मशीनवरही मी तो न सांगता बसवून टाकला. आयुष्यात केलेल्या बऱ्या कामांत मी त्याची गणती करत होतो.

दोन-तीन महिन्यांनी हिराबाईंचा फोन आला. "आवं मेकॅनिक, ते मशीन मधीच मुकं हुतंय. कवा कवा निम्मंच बोलतंय. काल ह्ये म्हनलं भाकरी नगो, भात कर. मशीन म्हनलं भाकरी भात कर. मी दोन्ही केलं."

मी गेलो. लॅपटॉपला बोट फिरवायची जी चौकोनी जागा असते तिला तळहात लागला की फोकस जातो, हे नेहमीचं कारण. ती बंद केली. वेगळा मोठा कीबोर्ड जोडून दिला. 'कखगघ' असं दोनदा टाईप केलं, उमटलं, उठलो. हिराबाई दारापर्यंत आल्या.

"आवं, सैपाकघरात माझ्यासमूर बसल्यावर नीट बोलतंय बगा. सोप्यात बसलं की तोतरतंय. आसं का?"

मी म्हणालो, "मावशी, मशीनला काय बाहेरचा सोपा आणि आतलं स्वयंपाकघर कळतंय होय?"

त्या हसल्या, मीही हसलो. या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आठ दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच. या वेळी मी सांगलीतूनच इंटरनेटवरून त्यांचं मशीन तपासलं, साफसफाई केली, नको ते काढून टाकलं. पुन्हा 'कखगघ'. पुन्हा उमटलं.

दरम्यान हिराबाईंना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या आणि सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल, आणि फार थांबू नका. दवाखान्यात दहा-बारा दिवस. सुभेदारांनी तिथं सोबत बसायचं नाही, गळ्याच्या भोकामुळं त्यांना गर्दीत जायलाच मनाई. शेजारीण दोन वेळचं जेवण द्यायला तयार होती, सांगलीत राहणारी हिराबाईंची धाकटी बहीण दवाखान्यात थांबायला तयार होती. तयार नव्हत्या त्या हिराबाई.

"मी तिकडं पडल्यावर ह्येंचं बोलनं कुनाला उमगायचं? रातीबेराती श्वास कोंडला तर शेजारनीला काय सांगतील, कसं सांगतील? न्हाई, मी न्हाई जात."

मुलानं तोड काढली. आईनं एक दिवस मावशीकडं राहून बघायचं. बाबांनी मशीनसमोर मोबाईल धरून फोनवर बोलायचं. जमलं तर ऑपरेशन. हिराबाई कबूल झाल्या. विश्रामबागेत बहिणीच्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदारांचा फोन आला. मशीनमधली बाई म्हणाली, "सकाळपासून जरा" आणि थांबली. हिराबाई हॅलो हॅलो करत राहिल्या. पलीकडून काही नाही. सुभेदार तिकडं मान खाली घालून टाईप करत होते, पुन्हा पुन्हा की दाबत होते, आणि अक्षरं कुठंच जात नव्हती. स्वतःच्या तोंडानं "थांब, आहे मी" एवढंही त्यांना म्हणता येत नव्हतं. हिराबाईंनी पिशवी उचलली आणि मिळेल ती एसटी धरून धापा टाकत घर गाठलं. सुभेदार सोप्यात धडधाकट बसलेले. त्यांना सांगायचं होतं, की सकाळपासून जरा गार हवा सुटलीय.

"झालं तेवढं बास," हिराबाई म्हणाल्या. "मी काय कापून घेत न्हाई. जितकं दिस हायती तितकं हितंच."

त्या संध्याकाळी मुलाचा मला फोन आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "काका, मशीन नीट झालं तरच आई दवाखान्यात जाईल. डॉक्टर म्हणतात, हा महिना घालवू नका. मला रजा मिळत नाही. बघा काय होतंय का."

मी कॉम्प्युटरच्या आधी टाईपरायटर दुरुस्त करायला शिकलो, मिरजेत. आमच्या मिस्त्रींचा तिथं एक नियम होता. मशीन दुरुस्त झालं की परत देण्याआधी त्यावर पानभर मजकूर टाईप करायचा. चार अक्षरं नव्हे, पान. ते म्हणायचे, गिऱ्हाईक जसं वापरतं तसं तू वापरत नाहीस, तोवर तुला त्याचं दुखणं कळणार नाही. कॉम्प्युटर आल्यावर आम्ही सगळेच हे विसरलो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस लिहीत नाही, तो बघतो. दोन की दाबतो, हाताची घडी घालतो आणि पडद्याकडं बघत बसतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी गेलो आणि सुभेदारांच्या जागेवर, सोप्यातल्या खुर्चीत बसलो. समोर त्यांचं जुनं वर्तमानपत्र ठेवलं आणि त्यातली बातमी टाईप करायला लागलो. हिराबाई उंबऱ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. सुभेदार माझ्या मागं उभे होते, त्यांच्या गळ्यातला श्वास मला ऐकू येत होता. सात ओळी झाल्या. आठव्या ओळीच्या मधोमध पडद्यावर काहीतरी काळं लुकलुकलं आणि माझे दोन शब्द गळाले. पापणी लवली असती तर मला ते दिसलंच नसतं.

मग मी त्या मशीनवर एक पहारेकरी बसवला. म्हणजे अगदी साधा प्रोग्रॅम. दर क्षणाला फोकस कोणाकडं आहे ते बघायचं आणि वेळेसकट लिहून ठेवायचं. पुन्हा टाईप करायला लागलो. अर्ध्या तासात माझे शब्द तीनदा गळाले आणि त्यातल्या एका वेळी फोकस परत आलाच नाही, मशीन मुकं झालं. मी पहारेकऱ्याची यादी उघडली. ओळीनं बोलक्या प्रोग्रॅमचं नाव होतं. मधेच, ज्या ज्या वेळी शब्द गळाले त्या त्या वेळी, दुसरं एक नाव होतं.

'जतन'.

मी ती यादी तीनदा वाचली. मग मला हिराबाईंचं बोलणं आठवलं. त्यांच्या घरातलं वायफाय सोप्यात होतं, जाड भिंतीमुळं ते स्वयंपाकघरात पोचत नव्हतं. तिथं इंटरनेट नाही म्हणून तिथं 'जतन' जागाच व्हायचा नाही. सोप्यात तो उठायचा, सुभेदारांचे शब्द सांभाळून ठेवण्यासाठी काळी चौकट उघडायचा, आणि ती चौकट उघडताना फोकस स्वतःकडं ओढून घ्यायचा. जे शब्द हरवू नयेत म्हणून मी त्याला ठेवला होता, तेच शब्द तो खात होता. मी दुकानात तपासलं तेव्हा हाताची घडी घालून बसलो होतो, टाईप करतच नव्हतो, मग गळणार काय? आणि सांगलीतून तपासलं तेव्हा चार अक्षरं टाईप करून समाधान मानलं होतं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं, की हे गुपचूप काढून टाकावं आणि सांगावं व्हायरस होता. व्हायरस हा आमच्या धंद्यात फार सोयीचा इसम आहे. कुठल्याही मेकॅनिकची चूक तो अंगावर घेतो आणि वर काही मागत नाही. पण मागं सुभेदार उभे होते, उंबऱ्यावर हिराबाई होत्या. या बाईनं मला बिघाडाचा पत्ता दिला होता, अगदी खोलीसकट, आणि मी तिला हसलो होतो. वर ती माझ्यामुळं ऑपरेशन टाळत होती.

मी खुर्ची वळवली आणि जसं घडलं तसं सांगितलं. माझाच प्रोग्रॅम, माझीच चूक, दोन वेळा तपासलं आणि नीट बघितलं नाही.

सुभेदारांनी मला खुर्चीतून उठायची खूण केली. ते बसले. सावकाश टाईप केलं आणि की दाबली. पुण्याची बाई शुद्ध उच्चारात म्हणाली, "म्हंजी गोळी आपल्याच पोस्टवरनं आली म्हना की."

त्यांचे खांदे हलत होते. बिनआवाजाचं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं. हिराबाईंनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

"मी म्हनलं हुतं का न्हाई, सैपाकघरात नीट चालतंय म्हनून?"

"म्हणाला होता, मावशी."

"मग आता जेवून जावा. उपाशी मानसाच्या हातनं आनिक चुका हुत्यात."

एवढीच माझी शिक्षा. मी त्या घरी जेवलो. 'जतन' मी काढला नाही, पण त्याला सुधारलं. कीबोर्ड बराच वेळ शांत असला तरच त्यानं काम करायचं, आणि चौकट उघडायचीच नाही. मग त्याच खुर्चीत बसून दोन पानं भरून टाईप केली. एक अक्षर गळालं नाही. सांगलीला परतल्यावर बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं स्वतः जाऊन तो नीट केला. त्यातल्या दोघांनी, मशीन मधेच लिहायचं थांबतं, अशी तक्रार केली होती आणि मी त्यांचे कीबोर्ड बदलून दिले होते. त्यांनाही खरं काय ते सांगितलं. एकानं मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले.

हिराबाई मात्र इतक्यानं पटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आपली परीक्षा घेतली. चार दिवस मोबाईल घेऊन त्या शेताच्या बांधावर जाऊन बसायच्या आणि सुभेदारांनी सोप्यातून फोन करायचा. पहिल्या दिवशी सुभेदारांनी म्हशीचं दूध किती निघालं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका लग्नाची हकीकत. तिसऱ्या दिवशी, हे मला हिराबाईंनीच सांगितलं, त्यांनी सिग्नलमधल्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली. आवाज होता तेव्हा इतक्या वर्षांत ती त्यांनी कधी सांगितली नव्हती. चौथ्या दिवशी हिराबाईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "तारीख घ्या म्हनावं डाक्टरला."

आज त्या ठणठणीत आहेत आणि तंबाखूवरून सुभेदारांना अजून बोलतात. 'इतक्या वर्सांनी आता सोडून काय उपेग' असं मशीन उत्तर देतं आणि भांडण सुरू होतं. मला दर उन्हाळ्यात त्यांच्याकडून शेंगांची चटणी येते. ती खाताना मला वाटतं, की तीस वर्षांत मी पुष्कळ मशीनं नीट केली असतील, पण मला नीट केलं ते या दोघांनी. त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत मी एकही मशीन पानभर टाईप केल्याशिवाय परत दिलं नाही, आणि ते कुठं बिघडतं हे आधी घरातल्या बाईला विचारल्याशिवाय हात लावला नाही. त्यांचे उपकार मी कुठं फेडणार? हे लिहितोय ते त्यासाठीच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो होतो. हिराबाई खाटेवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून. बहीण शेजारी. सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या, त्यात काय लिहिलंय ते त्यांनी वाचून दाखवलं. हिराबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांबा जरा, ताई. आमचा फोन याचाय."

फोन आला. बहिणीनं मोबाईलचा आवाज मोठा केला आणि तो हिराबाईंच्या मांडीवर ठेवला. पलीकडून आधी नुसती कीबोर्डची खटखट ऐकू आली. ती बराच वेळ चालली. मग थांबली. काहीच आलं नाही. मी मोबाईलकडं हात नेणार, तोच हिराबाईंनी मान हलवली.

"आक्शर शोधत्यात," त्या म्हणाल्या. "थांबा."

पुन्हा खटखट सुरू झाली आणि मग ती बाई बोलायला लागली.

"भाकरी खाल्ली. शेजारच्या सुनेनं पिठलं दिलं हुतं, लय तिखट. म्हशीला वैरण घातली. गळ्याची नळी धुतली, गोळी घेतली. रातच्याला काय झालंच तर शेजारनीला कसं बोलवायचं ते वाक्य तयार करून ठेवलंय, काल वाजवून बी बघितलं, ती पळत आली आन् मग लय चिडली. माझं सगळं नीट हाय. तू भिऊ नगंस. डाक्टर सांगंल तसं कर. बरी होऊन ये. मी हाय हितं."

एकही शब्द गळाला नव्हता.

हिराबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. बाई बोलायची थांबल्यावरही त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, आणखी काही येतंय का बघत. मग मोबाईलकडं वाकून म्हणाल्या, "ऐकलं समदं. ठिवते आता."

त्यांनी मोबाईल बहिणीकडं दिला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सिस्टरकडं वळल्या.

"आना तो कागुद, ताई. अंगठा कुठं लावायचा तेवढं दावा."